जुना व्हॅक्यूम क्लीनर, आठ महिन्यांनंतर : मोटर बिचारी निर्दोष होती

चालू व्हॅक्यूम क्लीनरच्या पाईपच्या तोंडावर तळहात ठेवायचा आणि कान द्यायचा. हवा अडली की मोटरचा आवाज चढला पाहिजे. बहुतेकांना हे उलटं वाटतं. मलाही वाटायचं की हवा कोंडली म्हणजे मोटरवर जोर येतो, ती धापा टाकते. प्रत्यक्षात पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, भार उतरतो आणि मोटर सुसाट सुटते. आवाज चढला नाही तर समजा, हवा तुमच्या हाताला चुकवून दुसरीकडून कुठून तरी आत शिरतेय. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते.

माझ्याकडचं यंत्र म्हणजे आडवं पडलेलं लोखंडी नळकांडं, खाली घसरगाडीसारख्या दोन पट्ट्या. ही ठेवण इलेक्ट्रोलक्स कंपनीच्या 1921च्या ‘मॉडेल व्ही’ने रूढ केली आणि पुढे कित्येकांनी उचलली. माझं कोणाचं, ते सांगता येत नाही, कारण नावाची पट्टी कोणीतरी उपटून नेलीय, उरलेत ते दोन रिव्हेट. वळणावरून 1950च्या दशकातलं असावं. पोटाखाली ठोकलेली अक्षरं मात्र वाचता येतात : 220-240 व्होल्ट, 350 वॉट, एसी/डीसी. एसी आणि डीसी दोन्ही, म्हणजे आत युनिव्हर्सल मोटर. काही गावांत तेव्हा डीसी वीज होती, काही ठिकाणी एसी, आणि गिऱ्हाईक कुठलं निघेल ते बनवणाऱ्याला माहीत नसायचं. आजच्या मिक्सरमध्येही हीच मोटर असते, त्यामुळे हिच्यातलं काहीच परकं नाही.

तरी प्लग लावायची घाई करू नका. माझ्या यंत्राची वायर वरून ठीक दिसत होती, पण वाकवल्यावर आतलं रबर पापडासारखं तुटलं. लोखंडी अंग, दोनच तारा, अर्थिंगचं नाव नाही. त्यात रेडिओत खरखर येऊ नये म्हणून बसवलेला जुना कपॅसिटर. तो तारेपासून अंगाला जोडलेला असला आणि त्यातून वीज पाझरू लागली, की हात लावल्यावर झिणझिण्या येतात. मी वायर तीन तारांची घातली, अंगाला अर्थिंग दिलं, कपॅसिटर काढून नवा बसवला. (तारेला तार जोडणारा असेल तर एक्स-2 वर्गाचा, अंगाला जोडणारा असेल तर वाय वर्गाचा; हे सुरक्षेचे वर्ग आहेत. इथे हाताला येईल तो चालत नाही.) मग 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनमधून वीज गळते का ते मोजणारं यंत्र) इन्सुलेशन तपासलं, आणि पहिल्यांदा चालू केलं ते 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे वीज त्या बल्बमधूनच मोटरकडे जाईल असा, लावूनच. आत शॉर्ट असता तर बल्ब लख्ख पेटला असता, फ्यूज उडाला नसता. एलईडी बल्ब या कामाचा नाही.

मोटर फिरली, पण ओढ नव्हती. कागदाचा कपटा कसाबसा उचलायची. झालं, मी मोटरला दोषी ठरवून मोकळा.

पुढचे दोन महिने तिची चिरफाड. पंख्याचा नट उलट्या आट्यांचा होता. पुष्कळ जुन्या यंत्रांत तसा असतो, म्हणजे फिरताना आपोआप सैल होत नाही. मी पाना लावून नेहमीच्या दिशेने जोर केला, तो आणखी घट्ट बसवला, आणि शेवटी पंख्याचं एक पातं वाकवलं. चूक सर्वस्वी माझी. बेअरिंग 6200 निघालं, आतून 10, बाहेरून 30, रुंदी 9 मिलिमीटर, म्हणजे आजही सहज मिळणारं. आतलं ग्रीस मेणासारखं थिजलं होतं. कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ठोकळे) झिजून बोटाच्या नखाएवढे उरले होते. नव्या कार्बनचं तोंड सपाट असतं आणि ते ज्यावर घासतं तो तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर गोल, तेव्हा कम्युटेटरभोवती बारीक सँडपेपर गुंडाळून आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) हाताने फिरवायचं, म्हणजे कार्बनला हवी ती गोलाई येते. एमरी पेपर नको. त्याचे कण पट्ट्यांच्या मधल्या खाचांत अडकले तर घोळ होतो. खाचा मी लाकडी टूथपिकने साफ केल्या. मग त्याच बल्बच्या सिरीजमध्ये अर्धा तास हलकेच चालवून कार्बन बसू दिले. ठिणग्या कमी झाल्या, आवाज मऊ झाला. ओढ तेवढीच, कागदाच्या कपट्यापुरती!

तळहाताची परीक्षा कळली ती यानंतर, आणि अपघातानेच. पाईप न लावता नळकांड्याच्या तोंडावर हात दाबला तर आवाज चांगलाच चढला. पाईप लावून टोक दाबलं तर जेमतेम. म्हणजे चोर पाईपमध्ये. तो बाहेरून सुंदर, विणलेल्या कापडाचा, आत तारेचं वेटोळं. पण मधला रबरी थर जागोजागी फुटलेला. कान लावून पाईपभर फिरलो तर वितीवितीवर ‘स्स्स’ ऐकू आलं. जुनी लोखंडी टोकं ठेवून मधे आजचा प्लास्टिकचा पाईप घातला. शुद्ध संग्राहक यावर नाकं मुरडतात. मुरडू देत.

झाकणाचं रबरही दगड झालेलं. त्या जागी आधी स्पंजाची पट्टी लावली, ती दाबली तर छान बसायची, पण स्पंज म्हणजे हवेला उघडं दारच. मग भरीव रबराची गोल दोरी लावली. झाकण बंद करायला आता अंगठा दुखतो, पण हात ठेवला की मोटर शिट्टी घातल्यासारखी वर जाते. ही परीक्षा दोन-तीन सेकंदच करा. या यंत्रांत ओढलेली हवाच मोटरमधून जाऊन तिला थंड ठेवते, ती फार वेळ अडली तर वाइंडिंग (मोटरमधली तारेची वेटोळी) तापतं. पाणी ओढायचं नाही, तेही याच कारणासाठी.

आता वापराबद्दल. आठ महिन्यांत यंत्र आठवड्यातून तीनदा चाललंय. सोफा, गाद्या, पुस्तकांचे कप्पे यांवर मी आता दुसरं काही वापरत नाही. नोझल लोखंडी आणि अरुंद, त्यामुळे कापडाच्या कडेला नीट टेकतं. जाड गालिच्यावर मात्र साफ हरतं, कारण फिरणारा ब्रश नाही. तिथं हूवर कंपनीसारखी उभी यंत्रं पुढे, 1926पासून त्यांच्यात गालिचा ठोकणारा रोलर असायचा. वॉटचा आकडा बघून नाक मुरडणाऱ्यांना सांगतो, 350 वॉट हा विजेचा खर्च आहे, ओढ नव्हे. युरोपीय संघाने 2014 मध्ये 1600 वॉटची आणि 2017 मध्ये 900 वॉटची मर्यादा घातली, तरी तिथले व्हॅक्यूम क्लीनर बंद पडले नाहीत.

खरी उणीव धूळ गाळण्याची. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्लिश इंजिनिअरने 1901 मध्ये धूळ फुंकण्याऐवजी ओढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली होती आणि रुमालावर धूळ उतरली होती. मी रुमाल उलट्या टोकाला लावला, हवा जिथून बाहेर पडते तिथं. दहा मिनिटांत राखाडी गोल उमटला. म्हणजे पुढून ओढलेल्या धुळीतला बारीक भाग मी मागून घरभर वाटत होतो. मूळ पिशवी विरली होती म्हणून मी उशीच्या अभ्र्याची शिवली होती. त्यात मी काही नवं केलं नव्हतं : ओहायोतल्या कँटनमधला सफाई कामगार जेम्स स्पँगलर यानेही पंख्याच्या मोटरला झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडूनच आपलं यंत्र बनवलं, 1908 मध्ये पेटंट घेतलं आणि ते हूवरकडे गेलं. स्पँगलरला दमा होता. अभ्र्यातून किती धूळ निसटते हे पाहिल्यावर त्या माणसाची कणव येते.

मी अभ्र्याच्या आत न विणलेल्या कापडाची दुसरी पिशवी घातली. रुमाल आता बराच पांढरा राहतो, ओढ किंचित घटली. घरात कोणाला धुळीची ॲलर्जी असेल तर रोजच्या सफाईला हे यंत्र घेऊ नका, मग ते कितीही देखणं असो. राख, सिमेंट, प्लास्टरची पूड तर अजिबात नको, ती पिशवीतून थेट बेअरिंगमध्ये जाते. जुनं यंत्र पहिल्यांदा उघडताना मास्क लावून घराबाहेरच उघडा. आतली धूळ कुठल्या रंगाची, कुठल्या दशकाची, सांगता येत नाही.

आवाजाबद्दल घरच्यांचा निकाल : दुसऱ्या खोलीत फोनवर बोलता येत नाही. वायर गुंडाळायची सोय नाही, घसरपट्ट्या उंबऱ्यावर अडकतात, अर्ध्या तासाने मागची हवा चांगली कोमट होते आणि बेकलाइट या जुन्या प्लास्टिकचा वास येतो. हँडल तर मी पॉलिशने आरशासारखं केलंय, त्या आठवड्याचा मला आता थोडा पश्चात्ताप होतो. तेवढ्या वेळात पाईप तपासला असता तर?

एक सोय आजच्या यंत्रांत सहसा नसते. पाईप मागच्या टोकाला लावला की फुंकणी तयार. त्या काळी काही कंपन्या त्यासोबत रंग फवारायची बाटलीही द्यायच्या. मी ती हवा इतर मोटरींची धूळ उडवायला वापरतो.

इतर मोटरी म्हणालो, कारण परवा दुसरं यंत्र आलंय, उभं, कापडी पिशवीचं. प्लग लावलेला नाही. हाताने पंखा फिरवला, फिरतो, पण एका जागी कुरकुरतो. नट कुठल्या दिशेचा आहे, ते आधी बघतोय.