पाच महिने ग्लायसिन: झोपेला उपयोग झाला, गुडघ्याला नाही

पाच महिने झाले, रोज रात्री झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्यातून ग्लायसिनची पावडर घेतोय (ग्लायसिन म्हणजे अमिनो आम्ल, प्रथिनांची एक वीट). पाठ टेकली की डोकं सुरू व्हायचं, दीड-दोन वाजेपर्यंत नुसती कूस बदलत पडायचो, म्हणून सुरू केलं.

पावडर चक्क गोड. पिठीसाखरेच्या शेजारी ठेवली तर घोळ होईल. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२० मध्ये जिलेटिन आम्लात उकळून ती काढली, तेव्हा त्यालाही ती साखरच वाटली होती. नावही ग्रीकमधल्या 'गोड' या शब्दावरून पडलंय.

डबीत मापाचा चमचा नव्हता. घरातला चहाचा चमचा सपाट भरून मी ३ ग्रॅम धरत होतो. पोट ढवळायला लागलं तेव्हा वजनकाट्यावर टाकून बघितलं, तर साडेचार! झोपेवरच्या प्रयोगांत ३ ग्रॅमच देतात (ते प्रयोगही मोजक्या लोकांवरचे आहेत, हे डबीवर कोण लिहिणार). माप सुधारलं, पोट शांत झालं.

झोप लवकर लागते, असं छातीठोकपणे नाही सांगणार. पण सकाळचं जडपण गेलं. उंदरांवरच्या प्रयोगांत ग्लायसिनमुळे त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढून शरीराचं आतलं तापमान उतरलेलं दिसलंय, आणि झोप लागताना आपलंही तापमान उतरतंच. तिसऱ्या महिन्यात मुद्दाम पंधरा दिवस बंद ठेवलं. आठवड्याभरात सकाळी पुन्हा अंग जड. अर्थात, रात्रीचा चहाही मी पावडर सुरू केली त्याच सुमारास सोडला होता, त्यामुळे सगळं श्रेय पावडरीला देववत नाही.

गुडघ्याला मात्र शून्य फरक. कोलॅजेनच्या (सांध्यांच्या कूर्चेतलं मुख्य प्रथिन) साखळीत जवळजवळ दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं, हे वाचून आशा लागली होती. तीन साखळ्यांचा पीळ इतका घट्ट, की मधल्या जागेत सगळ्यात लहान अमिनो आम्लच मावतं. ग्लायसिनच्या बाजूच्या फांदीत एक हायड्रोजनचा अणू, बस. पण विटा आणून टाकल्या म्हणून गवंडी थोडाच कामाला लागतो? शिवाय सेरीन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून शरीर स्वतःही ग्लायसिन बनवतंच.

झाकण घट्ट लावा, दमट हवेत गोळे होतात. क्लोझापिनसारखं (स्किझोफ्रेनियावरचं) औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, त्याचा परिणाम कमी होऊ शकतो.

दुसरी डबी तळाला आलीय. तिसरी आणणार, पण गुडघ्याच्या नावाने नाही.