फुलांची तिकिटं: गोंद बघायचा की कागद?

फुलांची टपाल तिकिटं जमवताना, चित्र तेच पण गोंद किंवा कागद वेगळा अशी तिकिटं ओळखायची तर सुरुवात कुठून करू असं विचाराल तर मी कागदच म्हणेन, अन् त्याचं कारण आपलं नागपूरच आहे.

गोंदातला फरक दिसायला फार सुंदर असतो. ब्रिटनच्या जुन्या तिकिटांमागे गम अरेबिक, म्हणजे झाडाचा नैसर्गिक डिंक, चकचकीत, उजेडात तिरकं धरलं की वार्निश मारल्यासारखं चमकतं. 1968 पासून पीव्हीए हा कृत्रिम गोंद आला, तो इतका मॅट की आधी वाटतं गोंद लावलाच नाही. पण मे मध्ये इथे पारा 45 ला टेकतो तेव्हा तो जुना गोंद सुकून तिकिटाची पुंगळी होते, कधी बारीक तडे जातात, आणि जुलैत तेच तिकीट अल्बमला चिकटून बसतं. माझं एक असंच गेलं, अजून जीव हळहळतो.

शिवाय वापरलेल्या तिकिटाचा गोंद धुतला की संपला, कागद मात्र राहतो, म्हणून वापरलेल्या तिकिटांवरही भागतं अन् खर्चही कमी. अंधारात यूव्ही (अतिनील) टॉर्च मारा, एक कागद पिवळट मंद राहतो अन् दुसरा निळसर पांढरा झगमगतो, वरचं फूल तेच! कोटेड, म्हणजे खडूसारखा लेप दिलेल्या कागदावर चांदीचं नाणं घासून बघतात, काळी रेघ उमटते, पण ते करू नका, तिकिटावर डाग राहतो.

24 एप्रिल 1967 चा ब्रिटनचा रानफुलांचा 6 तिकिटांचा सेट घ्या, साधा आणि फॉस्फरवाला दोन्ही. फॉस्फर म्हणजे कागद नव्हे, यूव्हीत चमकणारे वरून छापलेले पट्टे, पण नजर बसवायला यासारखं दुसरं काही नाही.