साडेचौदा रुपये किलोचे पेलेट आणि आमचे ३५,२५० रुपये

महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या कारखान्यातून थेट, साडेचौदा रुपये किलो, बेळगाव-खानापूर घरपोच. लाकडी पेलेटचा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांचा, असा मेसेज तुमच्या मोबाइलवर आला असेल तर एक रुपयाही पाठवू नका. आमचे ३५,२५० रुपये गेले. घरातले म्हणतात, कशाला चव्हाट्यावर आणतेस. पण मी तोंड मिटून बसले म्हणून तो धंदा बंद करणार नाही.

माझं बेळगावातल्या अनगोळात डब्यांचं काम आहे. १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर परवडेना म्हणून पंख्याची पेलेट शेगडी घेतली आणि न्हाणीतल्या बंबालाही पेलेटचाच बर्नर बसवून घेतला. हिशोब सरळ होता. एक किलो गॅसच्या जागी तीन-साडेतीन किलो पेलेट जातात. तेरा रुपये दराने ते शेहेचाळीसच्या आत बसायचे, गॅस तेव्हा किलोला नव्वदच्या पुढे होता. राख काढायची कटकट आहे, पण ती भांडी घासायला जाते. शिवाय बेळगावचा पावसाळा इथल्यांना काय सांगायचा! भिंतींना ओल, कपडे तीन-तीन दिवस दमट, सासूबाईंच्या गुडघ्यांना दोन वेळा कढत पाणी. शेगडी पेटली की स्वयंपाकघरात ऊब येते आणि दोरीवरचे कपडेही तिथेच वाळतात.

यंदा पाऊस लागला आणि माल गायब झाला. आमचा नेहमीचा पुरवठादार म्हणाला, "वैनी, माल न्हाई. दसऱ्यापतोर काय विचारू नका." जिथे होता तिथे एकोणीस रुपये. कारण उघड आहे. भुसा ओला असला की पेलेट दाबले जात नाहीत, ओलावा दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागतो आणि पावसात तो सुकवायलाच इंधन जाळावं लागतं. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम संपलेला, बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, मिळत नाहीत. शेंगांची टरफलं दिवाळीशिवाय येत नाहीत. त्यात औष्णिक वीज केंद्रांना कोळशात बायोमास, म्हणजे असलेच पेलेट, मिसळायची सक्ती आहे. कारखानदार गाड्यांच्या गाड्या उचलणाऱ्याला माल देईल की माझ्यासारख्या दोन पोत्यांच्या गिऱ्हाइकाला?

नेमक्या अशा वेळी या माणसाचा मेसेज आला. हे लोक टंचाईवर नजर ठेवूनच असतात.

बोलायला लोण्यासारखा. चंदगडी वळणाचं मराठी, "ताई" सोडून हाक नाही. "आपल्याच माणसाला फसवून आम्ही कुठं जाणार, ताई? रोज बेळगावात येणं हाय." मी आंधळेपणाने विश्वास ठेवला असं कुणी म्हणू नये. आधी नमुना मागवला. वडापवाल्याकडून पाच किलोची पिशवी आली. बोटाच्या पेराएवढे चकचकीत पेलेट, एकही भुगा झालेला नाही. पाण्यात टाकून बघितला, चांगला पेलेट बुडतो, हा बुडाला. जाळून बघितला, राख मूठभरसुद्धा नाही. भाताच्या तुसाचा असता तर राखेने शेगडी भरली असती. काजूच्या टरफलाचा असता तर धुराने डोळे चुरचुरले असते. (चंदगड-खानापूर पट्ट्यात काजूची टरफलं मिसळलेला माल सर्रास खपवतात. घरातल्या शेगडीत तो घालू नका, त्यातल्या तेलाचा धूर घशाला लागतो.) आता कळतंय, तो नमुना त्याने दुसरीकडूनच विकत घेतलेला असणार. पाच किलोची गुंतवणूक.

मला चार टन हवे होते. मी, माझी जाऊ आणि शेजारचे मेसवाले काका मिळून. तो म्हणाला, "आधी दोनच टन घ्या. माल पटला तर पुढचं बघू." मला वाटलं, किती सरळ माणूस! खरं तर पन्नास हजारांच्या वरचा माल राज्याबाहेर न्यायचा तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद, काढावं लागतं, ते त्याला टाळायचं होतं. चार टनांचे झाले असते ५८,०००. दोन टनांचे २९,०००, वर पाच टक्के जीएसटी १,४५०, एकूण ३०,४५०. निम्मे आगाऊ, १५,२२५. स्कॅन केल्यावर भलतंच नाव आलं. विचारलं तर, "आमच्या अकाउंटंटचं खातं हाय ताई, कंपनीच्या खात्याची आजची लिमिट संपली." कंपनीचा माल घेताना पैसे कंपनीच्याच खात्यात, नाहीतर नाहीच. हे आता मी माझ्या कामवालीलासुद्धा पाठ करून घेतलंय.

बिल मात्र झकास पाठवलं. जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा. तेवढं मला कळतं, आपल्याकडचे २९ ने सुरू होतात. माझ्या भाच्याने ते बिल नंतर बघितलं आणि एका नजरेत म्हणाला, "मावशी, माल महाराष्ट्रातून कर्नाटकात येतोय ना? मग दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा आयजीएसटी पाहिजे. यात राज्यातल्या राज्यात लागणारा सीजीएसटी-एसजीएसटी अडीच-अडीच टक्के लावलाय." नंबर पोर्टलवर टाकला तर भलत्याच धंद्याचा, आणि तोही रद्द झालेला. पोर्टलवर नंबर बघायला पैसे पडत नाहीत, लॉगिन लागत नाही. आधी बघा.

आता त्या फोटोबद्दल. अजूनही रात्री डोळ्यांसमोर येतो.

दोन दिवसांनी टेम्पोचा फोटो आला. "गाडी भरली ताई, बाकीचे टाका, दुपारी दारात." सोबत काटापावती, निव्वळ वजन बरोबर २,००० किलो. आजवर कुठल्या काट्यावर असा गोल आकडा आलाय? पण पावतीचं सोडा. फोटोत रस्ता कोरडा ठणठणीत होता. आषाढ चालू होता, तिलारीकडे पाऊस कोसळत होता, अनगोळात आमच्या दारातून पाणी वाहत होतं. आणि हा टेम्पो उघडा, ताडपत्री नाही, गोण्यांवर थेंब नाही, टायरला लाल चिखल नाही. टेम्पोच्या मागे कुणाच्या तरी अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या! आषाढात मिरच्या! पेलेटला पाणी लागलं की तासाभरात त्याचा भुसा होतो. त्याच आठवड्यात पोत्याचं तोंड उघडं टाकलं म्हणून मी पोरीवर खेकसले होते. आणि तोच फोटो मी जावेला आणि काकांना पुढे पाठवला, वर लिहिलं, "गाडी निघाली."

मी बघितलाच नाही असं नाही. सकाळचे दहा वाजलेले, कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या, साठ डबे भरायचे, शेवटचं पोतं निम्म्यावर आलेलं. माणूस अशा वेळी मिरच्या बघत नाही, गोण्या मोजतो. मी गोण्या मोजल्या. १५,२२५ टाकले.

दुपारी फोन. "चेकपोस्टला गाडी अडवलीय ताई, बाची-शिनोळीच्या मधी. बॉर्डर टॅक्स आणि फॉरेस्टचा पास, ४,८०० भरायला पायजेत. बिलात वळते करतो." जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये विक्रीकराचे नाके उठले, हे गाडीवाल्यांच्या घरातली लहान पोरंही सांगतील. पण वनखात्याचं नाव घेतलं की आपल्याकडे कुणीही बिचकतो. लाकडाची गाडी आणि पास, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. तेही भरले. संध्याकाळी ७,५०० "विम्याचे" मागितले तेव्हा यजमान आमच्या गाडीवर बाचीपर्यंत जाऊन आले. चेकपोस्ट नाही, टेम्पो नाही. मी फोनवर तसं सांगितलं तर त्या लोण्यासारख्या तोंडातून अशी शिवी निघाली की मोबाइल हातातून पडायचा. मग नंबर बंद.

खरा छळ पुढेच झाला.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला. आधी लागेना, लागला तेव्हा तक्रार घेतली. ते काम करतात, नाही असं नाही, पण फोन जितका लवकर जाईल तितके पैसे अडायची शक्यता जास्त. आमच्या पैशांतले २,३१० रुपये कुठल्यातरी खात्यात गोठलेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणे. बँकेत गेले तर समोरचा म्हणतो, तुम्ही स्वतःच पिन टाकलाय, आम्ही काय करणार? पोलीस ठाण्यात मराठीत लिहिलेला अर्ज बघूनच परत सरकवला, "कन्नडदल्ली बरेदु कोडी", म्हणजे कन्नडमध्ये लिहून द्या. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमात लिहिलंय की गाऱ्हाणं राज्यात किंवा देशात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. ते मी तिथे बोलले असते तर अर्ज कचऱ्यात गेला असता. शेजारच्या निवृत्त कन्नड बाईंनी बसून नवा अर्ज लिहून दिला, वर चहाही पाजला. तो घेऊन गेले तर उत्तर तयार, "माल महाराष्ट्रातला, तिकडे जा." तिकडे गेलो तर, "पैसे कर्नाटकातून गेले, तिकडे नोंदवा." सीमाप्रश्न इतकी वर्षं कोर्टात पडलाय, तो सुटेपर्यंत आमचा एफआयआर थांबवायचा का? १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, नागरिक सुरक्षा संहिता. त्याच्या १७३ कलमात स्पष्ट आहे की हद्द कुठलीही असो, ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायची आणि मग पाठवायची तिकडे पाठवायची. मी कलमाचा नंबर सांगितला तर साहेब हसले. "मॅडम, वकील आहात काय? हा धंद्याचा व्यवहार आहे, ग्राहक मंचात जा."

मंचाच्या दारात एका वकिलाने सांगितलं, तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही. हेही अर्धवट. पोटासाठी स्वतः राबून केलेल्या कामाला लागणारी खरेदी २०१९ च्या कायद्यात बसते. डबे मी स्वतः करते, माझ्याकडे कारखाना नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, विचारल्यावर तिथल्या मुलीने नीट समजावलं. या सगळ्या प्रकारात सरळ बोललेलं तेवढं एक माणूस.

काकांच्या पाव वाट्याचे ७,६१२ मी माझ्या खिशातून परत केले, त्यांनी वरच्या पन्नास पैशांची चौकशी केली. जाऊबाईंनी त्यांचे तेवढेच घेतले नाहीत, पण दर सणाला आठवण काढतात. चेकपोस्टचे ४,८०० माझे एकटीचेच. सगळं मिळून मला २७,६३७ ला चाट. घरी परत सिलिंडर आलाय, डब्यामागे पाच रुपये वाढवलेत, चार पोरांनी डबा सोडला. ज्याच्याकडे एकोणीसने माल मिळत होता त्याच्याकडून घेतला असता तर दोन टनांना जास्तीचे नऊ हजार गेले असते.

पेलेट घ्यायचेच असतील तर उन्हाळ्यात, मार्च-एप्रिलमध्ये भरून ठेवा, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, वर प्लास्टिक. गाडी दारात आल्यावर, एक गोणी तुमच्या हाताने फोडल्यावर पैसे. आगाऊ मागणारा कितीही ताई-ताई करो. स्क्रीनशॉट, व्यवहाराचे नंबर, आवाजाची रेकॉर्डिंग, काही पुसू नका. रागाच्या भरात मी अर्धं चॅट उडवलं आणि त्यावरूनही ठाण्यात ऐकून घेतलं.

परवा भाच्याने निपाणीकडच्या एका खरेदी-विक्री ग्रुपवरची जाहिरात दाखवली. नाव नवं, नंबर नवा, दर साडेतेरा. टेम्पो तोच, मागे मिरच्याही त्याच. निपाणी-चिकोडीकडे कुणाची मेस, बेकरी असेल तर त्यांना आजच्या आज कळवा.