आजीची भांडी: काय ठेवायचं, काय मोडीत घालायचं

आजोळचं घर रिकामं करायचं ठरलं तेव्हा माळ्यावरून दोन पोती भांडी खाली आली, मामी म्हणाली तुला हवं ते घे बाई, बाकी मोडीत घालते. मी लोभाने अर्धं पोतं उचलून आणलं. त्याला आता तीन वर्षं झाली, त्यातलं खरंच वापरात काय राहिलं ते सांगते, म्हणजे तुमच्यासमोर असा ढीग पडला असेल तर ठरवायला बरं.

आधी ओळख पटवा. सगळीच काळी पडलेली असतात, रंगावर जाऊ नका. लोहचुंबक चिकटला तर लोखंड किंवा बीड, म्हणजे ओतीव लोखंड. आकाराच्या मानाने अगदीच हलकं लागलं तर जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम. बाकीच्यांच्या तळाला चिंच-मीठ चोळा, लाल निघालं की तांबं. पितळ की कासं, खरी गल्लत इथे होते, आणि भंगारवाल्याला ती तुमच्या आधी कळते. ताट बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि काठावर चमच्याने हलकेच वाजवा. पितळ ठण्ण करून गप्प बसतं, कासं टाळासारखं घुमत राहतं. काशात साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील (टिन), आणि कथील महाग, म्हणून काशाचा भावही पितळेपेक्षा चढा. मी पोचेपर्यंत मामीने काशाची दोन ताटं पितळ म्हणून किलोवर देऊन टाकली होती, अजून जीव जळतो.

आता ठेवायचं काय. जागा कमी असेल आणि एकच गोष्ट घ्यायची असेल तर डोळे झाकून काशाचं ताट-वाटी घ्या. त्याला कल्हई, म्हणजे आतून कथिलाचा थर, लागत नाही, रोज जेवा, राखेने नाहीतर साध्या पावडरने घासा, झालं. फक्त आपटू नका, काशाला पोचा पडत नाही, ते सरळ तडकतं. आंबट पदार्थ पण त्यात फार वेळ ठेवायचे नाहीत. वाटी निदान तळपायाला तूप लावून घासायला तरी कामाला येतेच, आमच्याकडे उन्हाळ्यात त्यावरून भांडणं होतात.

पितळेचं पातेलं मात्र सांभाळायची तयारी असेल तरच ठेवा. आमटी, भात, खीर त्यात झकास होते, उष्णता सगळीकडे सारखी लागते, पण आत कल्हई हवीच. माझी चूक सांगते, तळाची कल्हई गेलेली दिसत होती तरी आळसाने त्यात कढी केली, तासाभरात हिरवट झाली आणि चव अशी की घास थुंकून टाकला. आजी म्हणायची ताक कळकलं, ते नुसतं ऐकून होते, त्या दिवशी जिभेवर कळलं. कल्हईतलं कथील २३२ अंशाला वितळतं, म्हणून रिकामं पातेलं गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसलात की कल्हई गेलीच समजा. कल्हईवाल्याला आधी विचारून घ्या कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नको. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत कारागीर आहेत, तुमच्या गावात कोणीच मिळत नसेल तर पातेल्यात मनीप्लांट लावावा लागेल, तेवढ्यासाठी पाच किलोचं पातेलं नेऊ नका.

बिडाचा तवा पितळेच्या अगदी उलट. दिसायला भंगार, गंजलेला, कोणी हात लावत नाही, आणि तोच सगळ्यात जास्त चालतो. गंज घासून काढला, चांगला तापवला, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवत राहिले, तीन-चारदा केल्यावर घावन असं सुटायला लागलं की नॉनस्टिक देऊन टाकला. इंडक्शन असेल तर सपाट तळाचा बिडाचा तवा चालतो, तांब्या-पितळेला तिथे वावच नाही. फरशीवर पडला की मात्र दोन तुकडे.

जर्मनची पातेली मी ठेवली नाहीत. आंबट आणि सोडा दोन्ही सोसत नाही, खड्डे पडलेली होती. घंगाळ आणि हंडा पण सोडले, मोह होता पण फ्लॅटमध्ये आंघोळ कोण करणार त्यात. अडकित्ता ठेवला, सुपारी कोणी खात नाही तरी. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचं कपाट बघितल्यापासून तो टाकवत नाही, इथे माझं लॉजिक संपतं.

अजून एक, मोडीत घालण्याआधी काठाखाली कोरलेलं नाव वाचा. छिन्नीने ठिपका ठिपका मारलेली अक्षरं असतात, काळ्यात दडलेली, पिठी लावून पुसलं की दिसतात. मी सोडून द्यायला काढलेल्या परातीवर निघालं "शके १८७८ वै. शु. ३". वै. शु. ३ म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया, शकात ७८ मिळवा, म्हणजे १९५६ ची अक्षय तृतीया. आईला फोन केला तर म्हणाली, अगं मावशीच्या लग्नातली ती, नवऱ्याकडच्यांनी परत पाठवलेली, कारण विचारू नकोस. परात आता माझ्याकडे आहे आणि कारण मी दर दिवाळीला विचारते.