जुन्या शिडाच्या बोटीचे रिगिंग बदलताना झालेली १,८४,००० रुपयांची फसवणूक

शिडाच्या बोटीची डोलकाठी स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. पुढचा फोरस्टे, मागचा बॅकस्टे आणि दोन्ही बाजूंचे श्राउड अशा पोलादी तारा, म्हणजेच रिगिंग, तिला ताणून धरतात, आणि त्यांतली एक जरी ऐन वाऱ्यात तुटली तरी काठी खालच्या माणसांवर कोसळू शकते. ज्या माणसाने खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे पैसे घेऊन मला कमी टिकणाऱ्या ३०४ प्रतीची तार बसवून दिली, त्याला हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्याने माझ्या मुलांना त्या काठीखाली बसलेले पाहिले होते.

मी बेळगावचा, उद्यमबागेत माझे टर्निंगचे छोटे वर्कशॉप आहे. मेहुण्याच्या भागीदारीत घेतलेली चोवीस फुटी जुनी फायबरची बोट गोव्यात मांडवीच्या काठी असते. तिच्या तारा किती जुन्या आहेत हे आधीच्या मालकालाही सांगता येईना, आणि खाऱ्या हवेत अशा तारा साधारण दहा ते पंधरा वर्षांत बदलतात, म्हणून आम्ही सगळेच रिगिंग नवे करायचे ठरवले. ओळखीतून मिळालेला कारागीर खानापूरकडचा निघाला. "काळजी कशाला करतासा काका, आपल्याच माणसाला कोण फसवतंय होय?" हे त्याचे पहिल्याच भेटीतले वाक्य. सीमाभागातल्या आपल्या बोलीत बोलणारा माणूस परमुलखात भेटला की आपण कागद मागायला संकोचतो, आणि त्याचा सगळा धंदा याच संकोचावर चालतो.

त्याचे बिल असे होते: तारा ६२,००० रुपये, टर्मिनल (तारेच्या टोकाचे जोड) आणि टर्नबकल (ताण देणारे स्क्रू) ७४,०००, चेनप्लेट (तारा बोटीला अडकवायच्या पट्ट्या) काढून तपासणे व पुन्हा बसवणे १८,०००, मजुरी ३०,०००. यांपैकी एक लाख आगाऊ आणि नंतर ५०,००० बँकेतून गेले. उरलेले ३४,००० त्याने रोख मागितले आणि पावती दिली नाही.

ज्या क्षणी काम थांबवायला हवे होते, तो क्षण मला अजून झोपू देत नाही. तारेचे वेटोळे शेडमध्ये उघडेच पडलेले होते. त्याला ना टॅग होता, ना हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतणीचा क्रमांक. मी टेस्ट सर्टिफिकेट मागितले तेव्हा त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला आणि लगेच स्क्रीन फिरवून घेतली. तेवढ्यातही मला आकाराच्या रकान्यात २० मिलिमीटरची गोल सळई दिसली होती, आणि समोर पडलेली तार ५ मिलिमीटरची होती. हीट नंबर नसलेली सळई मी माझ्या वर्कशॉपच्या दारातून आत घेत नाही. परंतु पावसाळा तोंडावर होता, काठी उतरवलेली होती, क्रेनवाला घाई करत होता, आणि पुरवठादाराने सगळ्या मालाची सर्टिफिकेटे एकत्र पाठवल्याचे त्याने इतक्या सहजपणे सांगितले की माझ्या जागी दुसरा कोणीही गप्प बसला असता. पुढे त्याने तारेला चुंबक लावून दाखवला. चुंबकाने ३०४ आणि ३१६ खात्रीने वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे असा प्रयोग करणाऱ्यावर तिथेच अविश्वास दाखवा.

पावसाळा संपल्यावर पाहतो तर टर्मिनलच्या तोंडाशी तपकिरी ओघळ उतरलेले, आणि एका श्राउडच्या एकोणीस तारांपैकी एक तुटून काट्यासारखी बाहेर आलेली. तुकडा कापून बेळगावला आणला. सुटी तार स्पार्क टेस्टसाठी (ठिणगी पाडून धातू ओळखण्याच्या चाचणीसाठी) फारच बारीक, म्हणून १,८०० रुपये भरून रासायनिक पृथक्करण करून घेतले. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम दोन ते तीन टक्के असावे लागते. माझ्या तारेत ते नावालाही नव्हते. खालचे दोन श्राउड तर त्याने बदललेच नव्हते, जुनेच पॉलिश करून परत चढवले होते. डाय पेनेट्रंट, म्हणजे भेगा दाखवणारा रंगीत द्रव, लावताच त्यांच्या टर्मिनलवर केसासारख्या भेगा लाल उमटल्या. चेनप्लेटखालचे पिवळे पडलेले जुने सीलंट जसेच्या तसे होते. उतरवलेल्या तारा त्याने "भंगारात दिल्या" असे का सांगितले, ते तेव्हा कळले. जुन्या तारा मोजून स्वतःच्या ताब्यात घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता कधीही देऊ नका.

यानंतरचा मनस्ताप फसवणुकीइतकाच मोठा आहे. बेळगावातल्या पोलिसांनी काम गोव्यात झाले म्हणून तिकडे जायला सांगितले. गोव्यातल्या पोलिसांनी पैसे बेळगावातून गेले, माणूसही तिकडचा आणि प्रकरण दिवाणी, असे म्हणून परत पाठवले. माझा मराठीतला अर्ज कन्नडमध्ये करून आणा म्हणून टेबलावरून मागे सरकवण्यात आला, आणि बेळगावच्या माणसाला बोट कशाला लागते, हा प्रश्न मला तक्रारदार म्हणून उभे असताना विचारण्यात आला. पूर्वीचे कलम ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, आणि हद्दीचे कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची माहिती नाकारता येत नाही, हे मी लेखी दिले तेव्हा फक्त पोच मिळाली. चौकशीसाठी आजवर कोणीही आलेले नाही.

ग्राहक आयोगाच्या खिडकीवरही प्रथम गोव्याचाच रस्ता दाखवला गेला. ते ऐकून परत फिरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. माझी तक्रार त्या कलमाची प्रत जोडल्यावर दाखल झाली.

तो माणूस अजूनही किनाऱ्यावर कामे घेतो आहे. खानापूरकडची बोली बोलणाऱ्या, चुंबक लावून दाखवणाऱ्या अशा कारागिराकडून कोणी तारा बसवून घेतल्या असतील, तर पुढच्या वेळी शीड चढवण्याआधी काठी उतरवा, प्रत्येक तारेचा तुकडा तपासून घ्या आणि अहवालाची प्रत मला द्या. माझ्या तक्रारीसोबत दुसरा अहवाल जोडला गेला, तर हे प्रकरण एकट्याच्या भांडणाचे आहे असे कोणाला म्हणता येणार नाही.