गुडघ्याच्या लिगामेंट शस्त्रक्रियेनंतरची फिजिओथेरपी : पुण्यातील एका केंद्राची सेवा

कबड्डीच्या सरावात माझ्या मुलीच्या उजव्या गुडघ्यातील एसीएल हा लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून गुडघा स्थिर ठेवणारा बंध, तुटला आणि मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगची कंडरा वापरून त्या जागी नवा लिगामेंट बसवण्याची शस्त्रक्रिया पुण्यात झाली. तिचे पुढचे पुनर्वसन ज्या फिजिओथेरपी केंद्रात झाले, त्या केंद्राच्या सेवेविषयी हे लिहीत आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण इथे सांगितलेल्या गोष्टी कोणत्याही गावातील कोणत्याही केंद्रात विचारून पाहता येण्याजोग्या आहेत आणि माझ्या मते त्या विचारायलाच हव्यात.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. त्यानंतरच्या सल्ल्यात मात्र एकवाक्यता नव्हती. वॉर्डमध्ये गुडघ्याखाली उशी ठेवून पाय किंचित वाकलेला ठेवण्यास सांगण्यात आले आणि घरी जातानाच्या कागदावर ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’ एवढेच लिहिलेले होते. घराजवळच्या पहिल्या दवाखान्यात रोज आयएफटी (दुखणे कमी करण्यासाठी दिला जाणारा सौम्य विद्युतप्रवाह) आणि अल्ट्रासाऊंडची यंत्रे लावली जात, व्यायाम जेमतेम करून घेतला जाई आणि तीन महिन्यांत मुलगी धावू लागेल असे आश्वासन दिले जाई. या सर्व मंडळींची तळमळ खरी होती, पण या विशिष्ट शस्त्रक्रियेनंतर काय, केव्हा आणि कशाच्या आधारे करायचे याचे ज्ञान प्रत्येकाकडे वेगवेगळे आणि तुटक होते.

नव्या केंद्रातील फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्याच भेटीत मुलीला पालथे झोपवले, दोन्ही पाय गुडघ्यांपासून पुढे पलंगाच्या कडेबाहेर येऊ दिले आणि दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक पट्टीने मोजला. शस्त्रक्रिया झालेल्या पायाची टाच स्पष्टपणे वर राहत होती, म्हणजेच गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता. ‘उशी गुडघ्याखाली नको, टाचेखाली ठेवा,’ असे सांगून त्यांनी कारणही समजावले : वाकणे पुढे हळूहळू वाढवता येते, परंतु सरळ होणे सुरुवातीच्या आठवड्यांत परत मिळवले नाही तर आत व्रणाची ऊती साचून गुडघा अडकू शकतो, चाल बिघडते आणि मांडीचा पुढचा स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, नीट काम करीत नाही. हा स्नायू जागा करण्यासाठी त्यांनी पाय सरळ ठेवून गुडघा खाली दाबण्याचा साधा व्यायाम दिला. पाय उचलताना गुडघा किंचितही वाकत नाही, हे स्वतः हात लावून पाहिल्याखेरीज त्यांनी कुबड्या सोडू दिल्या नाहीत.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते ग्राफ्टविषयी, म्हणजे लिगामेंटच्या जागी बसवलेल्या कंडरेविषयी, त्यांनी दिलेले स्पष्टीकरण. बसवलेल्या कंडरेला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरून तिची रचना बदलत असते त्या काळात, म्हणजे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या आसपास, ती सर्वांत कमकुवत असते. नेमक्या याच वेळी सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते आणि खेळाडूला आपण बरे झालो असे वाटू लागते. तीन महिन्यांत धावण्याचे सरसकट आश्वासन किती धोक्याचे आहे, हे तेव्हा उमगले. हॅमस्ट्रिंगमधूनच ग्राफ्ट घेतलेला असल्याने त्या स्नायूवर सुरुवातीला वेगळा भार द्यायचा नाही, हेही आम्हाला इथे प्रथमच कळले.

पुढचा प्रत्येक टप्पा त्यांनी मोजमाप घेऊनच ओलांडू दिला. बसून पाय ढकलण्याची ताकद डायनॅमोमीटर या ताकद मोजणाऱ्या उपकरणावर मोजून दुसऱ्या पायाच्या तुलनेत किती टक्के आहे हे वहीत नोंदवले जाई आणि एका पायावर उडी मारण्याच्या चाचण्याही घेतल्या जात. किमान ९० टक्के ताकद आणि किमान नऊ महिने, या दोन्ही अटी पूर्ण झाल्याशिवाय कबड्डी नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत बदलली नाही. तिला आधार आहे. डेलावेअर–ऑस्लो या अमेरिका व नॉर्वेतील संशोधकांच्या गटाच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबले, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे आढळले होते. स्पर्धा तोंडावर आली असताना प्रशिक्षकांना हे पटवून देणे सोपे नव्हते. ते काम मॅडमनी स्वतः फोन करून केले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

उणिवाही आहेत. सर्जन आणि हे केंद्र यांच्यात थेट संवाद नव्हता. निरोप आम्हीच इकडून तिकडे नेत होतो, आणि मेनिस्कसलाही (गुडघ्यातील कूर्चेच्या गादीलाही) टाके घातले आहेत की नाहीत यासारखी महत्त्वाची माहिती, जिच्यावर गुडघा किती वाकवायचा आणि भार किती द्यायचा हे ठरते, शस्त्रक्रियेचा अहवाल आम्ही मागून आणला तेव्हाच त्यांना मिळाली. हा दोष एकट्या केंद्राचा नाही, पण अहवालाची मागणी त्यांनी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. मनातील भीतीकडेही उशिरा लक्ष गेले : ताकदीचे आकडे चांगले येत असतानाही मुलगी चढाईत त्या पायावर वळायला कचरत होती, आणि तिचा आत्मविश्वास तपासण्यासाठी प्रश्नावली असते हे शेवटच्या टप्प्यातच समजले. संध्याकाळी गर्दी असते, त्यामुळे महाविद्यालयीन मुलांना सोयीची वेळ सहज मिळत नाही.

तरीही कबड्डी, खो-खो, फुटबॉल अशा अचानक दिशा बदलाव्या लागणाऱ्या खेळांत परतू इच्छिणाऱ्यांना मी हेच केंद्र सुचवेन, आणि शक्य असेल तर शस्त्रक्रियेच्या आधीच तिथे जावे असे सांगेन, कारण सूज उतरवून, गुडघा पूर्ण सरळ करून आणि क्वाड्रिसेप्स बळकट करून शस्त्रक्रियेला सामोरे गेलेल्या रुग्णाला पुढचे महिने बरेच सुकर जातात.