नागपूरच्या धंतोलीतला हाडांचा दवाखाना: लेकीचं म्हणणं ऐकून घेतलं

माझी लेक 17 वर्षांची. रेशीमबागजवळ स्कूटीवरून पडली, डावं कॉलरबोन मोडलं. आधी ज्या रुग्णालयात नेलं तिथे एक्स-रे पाहताच "प्लेट टाकू, सही करा" म्हणून कागद पुढे केला. ती रडत म्हणाली, "आई, मला ऑपरेशन नाही करायचं ना!" तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. मी पेन हातात घेतलं होतं, याची मला अजून लाज वाटते.

मग धंतोलीत आलो. इथल्या डॉक्टरांनी खुर्ची तिच्यासमोर ओढली, एक्स-रे तिलाच दाखवला. हाड फार सरकलेलं नाही, कातडीला टोचत नाही, बोटांत मुंग्या नाहीत. अशा वेळी झोळीत हात ठेवूनही हाड जुळतं. पण गाठ दिसेल, क्वचित जुळतही नाही, मग ऑपरेशन लागतं. प्लेटचे फायदे आणि चिरेचे धोकेही सांगितले. "कायद्याने 18 पर्यंत सही आईबाबांची. पण खांदा तुझा आहे, तुला काय वाटतं?"

तिने झोळी निवडली. 2008 साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की उपचाराचे पर्याय, धोके आणि नकार दिल्यास काय होईल, हे संमतीआधी रुग्णाला सांगायलाच हवं. ते मी पहिल्यांदा इथे घडताना पाहिलं.

गर्दी खूप, दोन तास थांबावं लागतं. पार्किंग नाही. सहा आठवड्यांनी हाड जुळलं. गाठ आहे, तिला चालते.